‘दऱ्यां’चा ‘दर्या’ होऊ नये म्हणून... संगणकातल्या मराठी-कन्नड अक्षरांची राखण कोण करतं?

हुबळी-धारवाड : ‘आचाऱ्याला बोलवा’ असं लिहिलं तर जेवणाची सोय होते, ‘आचार्याला बोलवा’ असं लिहिलं तर प्रवचनाची. ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ कोकणात. मराठीत या दोन ‘र’मधला फरक एका छोट्या आडव्या रेघेचा आहे. कागदावर ती रेघ हाताने काढता येते. संगणकावर मात्र ती दिसावी यासाठी फॉन्टमध्ये तो आकार असावा लागतो, अक्षरं जोडणारा प्रोग्रॅम शहाणा असावा लागतो, आणि हे दोन्ही त्या मशीनवर नीट बसवलेले असावे लागतात. यातलं एक जरी चुकलं तर ‘ऱ’खाली पाय मोडल्याची खूण लोंबकळते आणि पुढचा ‘या’ सुटा पडतो. सीमाभागात परिपत्रकं, निमंत्रणपत्रिका, शाळेचे कागद एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं आहे.

हुबळी-धारवाडसारख्या जोडशहरात तर एकाच संगणकावर दोन लिप्या लागतात. घरी मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, हे इथल्या कितीतरी घरांत चालत आलेलं आहे. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि मराठीतले मोठे कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आयुष्याची कित्येक वर्षं काढली. त्यांच्या काळी प्रश्न छापखान्यातल्या खिळ्यांचा होता. आता तो पॅकेजचा आहे.

पॅकेज म्हणजे संगणकावर बसवायची एखादी वस्तू : प्रोग्रॅम असेल, फॉन्ट असेल, शब्दकोश असेल. मोबाइलवर आपण ‘इन्स्टॉल’ दाबतो आणि मोकळे होतो. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींमध्ये या बटणामागे एक मजकूर असतो. ही वस्तू कुठून आणायची, तिच्यासोबत आणखी काय लागतं, ती कशी बांधायची, कुठे ठेवायची, तिचा परवाना कोणता, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. इंग्रजीत याला पॅकेज डेफिनेशन म्हणतात. मराठीत त्याला जवळचा शब्द स्वयंपाकघरात आहे. साप्ताहिकाच्या पाककलेच्या पानावर ‘साहित्य’ आणि ‘कृती’ असे दोन मथळे असतात ना, तसंच हे. तेव्हा इथे ‘कृती’ हाच शब्द वापरू. (आचारी की आचार्य, हा प्रश्न मग इथेही आलाच. कृती आचाऱ्याकडेच जाते.)

पेढा एकच, पण कढई वेगळी

धारवाडी पेढ्याची कृती ऐकायला सोपी आहे. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचा, साखर घालायची, वळायचा, पिठीसाखरेत घोळवायचा. तरी लाइन बाजारातल्या ठाकुरांच्या पेढ्याची चव घरी येत नाही. दूध वेगळं, कढई वेगळी, आच वेगळी, परतणारा हात वेगळा. कृतीत लिहिलेलं नसतं असं बरंच काही पदार्थात उतरत असतं.

सॉफ्टवेअरचं अगदी असंच होत आलं आहे. एका मशीनवर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालत नाही, कारण पहिल्या मशीनवर कुणीतरी पूर्वी बसवलेलं काहीतरी तो गुपचूप वापरत असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये ‘माझ्याकडे तर चालत होतं सर’ हे वाक्य दर सेमिस्टरला ऐकू येतं, ते याच कारणाने.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा या संशोधकाने २००३ च्या सुमारास यावर एक वेगळा विचार मांडला आणि ‘निक्स’ नावाची प्रणाली लिहायला घेतली. २००६ मध्ये त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध याच विषयावर झाला. विचार गणितातला होता. गणितात फंक्शनला आपण ‘फल’ म्हणतो : तेच आत घातलं तर तेच बाहेर आलं पाहिजे, आज घाला की दहा वर्षांनी, हुबळीत घाला की हॉलंडमध्ये. डोल्स्ट्रा यांनी सॉफ्टवेअर बांधण्याच्या कामालाही हाच नियम लावला. कृतीत दूधच नव्हे तर दुधाची म्हैस, कढई, चूल आणि झारासुद्धा नोंदवा. नोंदवलेलं नाही ते बांधणीच्या वेळी सापडताच कामा नये. म्हणून निक्समध्ये बांधणी एका बंद खोलीत होते. त्या खोलीत इंटरनेट नाही, घरातली इतर भांडी नाहीत, आणि स्टोअरमध्ये गेलेल्या प्रत्येक फाइलवर १९७० सालच्या १ जानेवारीचीच तारीख पडते, जेणेकरून ‘आज कोणता वार’ याचाही परिणाम राहू नये.

यालाच फंक्शनल पॅकेज मॅनेजर म्हणतात. २०१२ मध्ये ग्नू प्रकल्पातून लुडोविक कूर्टेस यांनी याच धर्तीवर ‘ग्विक्स’ सुरू केलं. दोघांची लिहायची भाषा वेगळी, ग्विक्समध्ये ती स्कीम आहे, पण मूळ तत्त्व एकच.

बांधून झालेली वस्तू निक्स एका खास कपाटात ठेवतो, त्याला स्टोअर म्हणतात. तिथे प्रत्येक वस्तूच्या नावाआधी ३२ अक्षरांची एक खूण असते. ही खूण कृती आणि सगळं साहित्य मिळून काढलेली असते. साहित्यात तीळभर बदल झाला की खूण बदलते, म्हणजे वस्तू वेगळ्या खणात जाते. जुनी वस्तू पुसली जात नाही. नवीन बिघडली तर जुनी तयारच असते. संगणक सुरू करताना यादीतून कालची व्यवस्था निवडायची आणि पुढे जायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री लॅबची मशीन्स अपडेट करून फसलेल्या कुणालाही याची किंमत वेगळी सांगायला नको.

पुण्याचा फॉन्ट, परगावचा पत्ता

निक्सच्या कृतींचा जो सामायिक साठा आहे त्याला निक्सपॅकेजेस म्हणतात. त्यात ८० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. जगभरातले स्वयंसेवक ते सांभाळतात. या भल्यामोठ्या कोठारात आपल्या भागाशी नातं सांगणारे काही खण आहेत. कन्नडसाठी ‘गुब्बी’ आणि ‘नविलु’ हे दोन फॉन्ट आहेत. गुब्बी म्हणजे चिमणी आणि नविलु म्हणजे मोर, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आणि एक आहे ‘लोहित’.

लोहितची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचं नाव आपल्याकडे ‘श्री-लिपी’मुळे घरोघरी, निदान डीटीपी सेंटरोसेंटरी माहीत आहे. लोहित मालिकेतले मुळातले फॉन्ट याच कंपनीकडून आले आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुले केले. संस्कृतात लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावातला लाल तो हाच. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून फॉन्टसाठीच बनवलेला ओपन फॉन्ट लायसन्स लावला गेला. पुढे भारतातल्या बहुतेक लिप्या त्यात आल्या. देवनागरी आहे, कन्नड आहे, आणि ‘लोहित मराठी’ हा वेगळाही आहे.

मराठी वेगळा कशाला, असं कुणीही विचारेल. कारण मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्यासारखे नसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबाबत जो निर्णय काढला त्यात या आकारांचाही विचार होता. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तर मराठी आकार पुढे येतो. पण पुष्कळदा ती नोंदच केलेली नसते. मग हिंदीचा ‘ल’ समोर येतो आणि वाचणाऱ्याला कुठेतरी खटकतं, काय खटकलं ते मात्र सांगता येत नाही.

निक्सपॅकेजेसमध्ये लोहितची कृती लहानशी आहे. एका फाइलमध्ये सगळ्या लिप्यांची यादी, प्रत्येकीसमोर आवृत्तीचा आकडा (देवनागरीसमोर २.९५.४), प्रत्येकीसमोर एक लांबलचक हॅश, आणि मग फाइल कुठून उतरवायची तो पत्ता. बांधणी म्हणावी असं फारसं काही नाही. फाइली सोडवायच्या आणि फॉन्टच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायच्या.

इतकं सोपं, तर त्यात सांभाळायचं काय?

पत्ता. लोहितच्या फाइली पूर्वी फेडोराहोस्टेड नावाच्या ठिकाणी असायच्या. २०१७ मध्ये ते ठिकाण बंद झालं आणि प्रकल्प पॅगुर नावाच्या दुसऱ्या जागी हलले. आता फेडोरा मंडळींनी पॅगुरही सोडून फोर्जेजो या नव्या व्यवस्थेकडे जायचं ठरवलं आहे. फॉन्टमध्ये एक रेघही बदललेली नाही, पण घर दोनदा बदलायची वेळ. जुना पत्ता कृतीत तसाच राहिला तर हुबळीत बसलेल्या माणसाला दिसतं ते एवढंच : ‘फाइल सापडली नाही’. त्याला वाटतं, मराठी फॉन्टच बंद झाला.

अंगठा

इथे हॅशचं महत्त्व कळतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून गणिताने ठरावीक लांबीचा आकडा काढता येतो, आणि फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. कृतीत हा अंगठा आधीच उमटवलेला असतो. त्यामुळे फाइल कोणत्या दारातून आली याला फार किंमत राहत नाही. जुन्या घरातून येवो, नव्या घरातून येवो, एखाद्याच्या पेनड्राइव्हवरून येवो. अंगठा जुळला तर माल तोच. मेंटेनरने, म्हणजे ती कृती सांभाळणाऱ्याने, पत्त्याची एक ओळ बदलायची. हॅशला हात लावायचा नाही. हॅश तसाच राहून बांधणी पार पडली, तर नव्या घरी पोचताना फॉन्टमध्ये कुणी ढवळाढवळ केलेली नाही याची आपोआप खात्री होते.

ग्विक्सवाल्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. मूळ जागी फाइल मिळाली नाही तर ग्विक्स ती ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ या संग्रहातून मागवू शकतो. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये हा संग्रह खुला झाला. जगातला सार्वजनिक सोर्स कोड जपून ठेवणं एवढंच त्याचं काम, एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयासारखं.

पण अंगठा घ्यायचा कशाचा, यातही खोच आहे. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबवर एक बदल झाला. तिथून कोणत्याही प्रकल्पाची दाबून बांधलेली फाइल उतरवता येते. ती दाबण्याची पद्धत त्या दिवशी किंचित बदलली. आतला मजकूर जसाच्या तसा होता, फक्त गाठोडं वेगळ्या पद्धतीने बांधलं होतं. झालं, अंगठे जुळेनात. जगभर असंख्य ठिकाणी बांधण्या अडकल्या, आणि गिटहबला काही तासांतच बदल मागे घ्यावा लागला. निक्सपॅकेजेसमधल्या बहुतेक कृतींना याचा त्रास झाला नाही. कारण गिटहबवरून आणायच्या वस्तूंसाठी तिथे गाठोड्याचा नाही, तर ते सोडल्यावर आत जे निघतं त्याचा अंगठा घ्यायची रीत आधीपासून होती. हा निर्णय कुणीतरी कितीतरी आधी, कसलाही गाजावाजा न करता घेतला होता. सांभाळण्याचं काम बऱ्याच वेळा असंच दिसतं : काहीच झालं नाही, एवढाच त्याचा पुरावा.

अंगठा जुळतो, पण माणूस?

आता उलट बाजू. हॅश फाइल तीच आहे एवढंच सांगतो. ती चांगली आहे का, ते सांगत नाही. मेंटेनर लोक नवीन आवृत्ती आली की एक सोपी युक्ती करतात. कृतीत आवृत्तीचा आकडा बदलायचा, हॅशच्या जागी मुद्दाम खोटा आकडा घालायचा आणि बांधणी चालवायची. प्रणाली तक्रार करते, ‘तुम्ही अमुक सांगितलं होतं, प्रत्यक्षात तमुक निघालं’. तो तमुक उचलून कृतीत टाकायचा, काम झालं. वेळ वाचतो हे खरं. पण हे म्हणजे अनोळखी माणूस दारात आला, त्याचा अंगठा घेतला आणि ओळख पटली म्हणून रजिस्टरमध्ये सही केली, त्यातला प्रकार. पहिल्यांदा घेतलेला अंगठा कुणाचा, हे बघायचं काम माणसालाच करावं लागतं.

२९ मार्च २०२४ ला याचा जगाला धडा मिळाला. ‘एक्सझेड’ नावाचं फाइली दाबणारं एक साधं साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला असल्याचं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, आणि तेही लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना. हे काम बाहेरच्या चोराने केलं नव्हतं. एक्सझेड वर्षानुवर्षं लासे कोलिन हे एकटेच सांभाळत होते. दमले होते. ‘काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी घ्या’ असा त्यांच्यावर दबाव आला, आणि मदतीला ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी पुढे आलं. दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला, सह-मेंटेनर झालं आणि मग चोरदरवाजा घातला. सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समध्ये तो पूर्ण नव्हताच. प्रकाशनासाठी बांधलेल्या गाठोड्यात त्याला जागा करणारा तुकडा वेगळा सरकवलेला होता.

हॅश? हॅश तंतोतंत जुळत होता. अंगठा त्याच माणसाचा होता.

निक्सच्या चालू शाखेतही ५.६.१ पोचलं होतं. चोरदरवाजा विशिष्ट प्रकारच्या लिनक्सची पॅकेजेस बांधली जात असतानाच जागा व्हायचा, त्यामुळे निक्समध्ये तो निपचित राहिला. पण जुन्या आवृत्तीवर परत जाणं काही मिनिटांचं काम नव्हतं. एक्सझेड इतक्या तळाला बसलेलं आहे की ते बदललं की त्याच्यावर उभी असलेली हजारो पॅकेजेस पुन्हा बांधावी लागतात, आणि त्यात काही दिवस गेले. फंक्शनल पद्धतीचा हा खर्च आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. साहित्य बदललं तर पदार्थ नवीन, हा नियम एकदा मान्य केला की पायातला दगड हलवताना सगळी भिंत पुन्हा रचावी लागते.

मेंटेनरचा दिवस

एखादी कृती सांभाळणं म्हणजे रोजचं काम नाही. महिनोन् महिने काही नसतं. मग एके दिवशी निरोप येतो. बहुतेक वेळा तो माणसाचा नसून यंत्राचा असतो : निक्सपॅकेजेसमध्ये एक बॉट सतत फिरत असतो, कुठल्या वस्तूची नवीन आवृत्ती आली ते बघतो, कृतीत आकडा आणि हॅश बदलून प्रस्ताव टाकतो आणि कृतीत ज्याचं नाव मेंटेनर म्हणून आहे त्याला हाक मारतो. आता माणसाची पाळी. नवीन आवृत्तीत काय बदललं ते वाचायचं. बांधून बघायचं. चालवून बघायचं. फॉन्ट असेल तर ‘दऱ्या’, ‘क्ष्म्या’, ‘ॲ’, ‘ऑ’ असे अवघड शब्द टाकून डोळ्यांनी बघायचं, कारण ‘ऱ्या’ तुटला आहे हे कोणत्याही बॉटला कळत नाही. ते मराठी वाचणाऱ्यालाच कळतं.

परवाना बदलला आहे का, हे बघणंही त्यातच येतं. कंटाळवाणं काम, पण एखाद्या फॉन्टचा परवाना चुकीचा नोंदला आणि तो कुणी पाठ्यपुस्तकाला वापरला, तर भांडण पुढे त्याच्या गळ्यात.

मग दुसरा कुणी सभासद तपासतो, बदल स्वीकारला जातो, ‘हायड्रा’ नावाची बांधणी-यंत्रणा ते बांधते आणि तयार वस्तू सगळ्यांसाठी ठेवली जाते. त्यामुळे हुबळीच्या मशीनला सगळं स्वतः बांधत बसावं लागत नाही. कृतीवरून खूण काढायची, त्या खुणेची तयार वस्तू आहे का विचारायचं आणि उतरवून घ्यायची.

फॉन्ट एकटा काही करत नाही, हेही इथे सांगायला हवं. जोडाक्षरं जुळवायचं काम ‘हार्फबझ’ नावाचा प्रोग्रॅम करतो. बेहदाद इस्फहबोद या इराणी-कॅनेडियन अभियंत्याचं हे काम. नावातला ‘हार्फ’ म्हणजे फारसीतला ‘हर्फ’, अक्षर. ब्राउझरपासून ऑफिसपर्यंत लिनक्सवरचं जवळपास सगळं मराठी आणि कन्नड त्याच्यातून जातं. टाइप करण्यासाठी ‘एम-सतरा-एन’ नावाचा जपानमध्ये सुरू झालेला संच आहे, त्यात मराठी-कन्नड दोन्हींचे कीबोर्ड आहेत. म्हणजे विद्यानगरातल्या एखाद्या खोलीत लिनक्सवर मराठी पत्र टाइप होतं, तेव्हा पुण्याचा फॉन्ट, इराणी माणसाचा जोडणारा प्रोग्रॅम आणि जपानी कीबोर्ड एकत्र काम करत असतात. या तिघांच्या तीन कृती, आणि त्या प्रत्येकीमागे कुणीतरी मेंटेनर. किंवा कुणीच नाही.

‘कुणीच नाही’ हीच खरी अडचण आहे. मेंटेनरची नोकरी बदलते, लग्न होतं, मूल होतं, आवड संपते. नाव कृतीत राहतं, माणूस नसतो. पॅकेज चालतंय तोवर कुणाला पत्ता लागत नाही. एक दिवस बांधणी मोडते, त्यावर ‘मोडलेलं’ असा शिक्का बसतो, आणि बराच काळ कुणी पुढे आलं नाही तर ते काढून टाकलं जातं. लोकप्रिय ब्राउझरच्या वाट्याला हे कधी येणार नाही. ते येतं लहान भाषांच्या फॉन्टच्या, शब्दकोशांच्या, कीबोर्डच्या वाट्याला, कारण ते मोडल्याचं जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या स्वयंसेवकाला दिसतच नाही.

इथे कुणाला जमेल?

समजा, निपाणीचा एक मुलगा धारवाडला शिकतो. हे जोडशहर तसं इंजिनिअरिंगचं आगार आहे. हुबळीत १९४७ पासूनचं बीव्हीबी कॉलेज आज केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं, धारवाडला एसडीएम कॉलेज आहे, २०१५ मध्ये ट्रिपल-आयटी आलं आणि २०१६ मध्ये आयआयटी. या मुलाला मराठी वाचता येतं, कन्नड वाचता येतं आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं. लोहित कन्नड आणि लोहित मराठी या दोन्हींची आवृत्ती डोळ्यांनी तपासू शकेल असा माणूस त्या सगळ्या जागतिक गोतावळ्यात विरळाच असणार. सीमाभागात मात्र अशी माणसं घरोघरी आहेत.

त्याला वाटेत अडचणीही येतील. निक्सची भाषा विचित्र आहे. पहिले पंधरा दिवस ती कशासाठी आहे हेच कळत नाही. मदतीची पानं इंग्रजीत आणि तीही विस्कळीत. स्टोअरमध्ये जुन्या वस्तू साठत जातात, त्यामुळे छोट्या डिस्कचा लॅपटॉप पटकन भरतो आणि अधूनमधून कचरा काढायची आज्ञा द्यावी लागते. इंटरनेट मंद असेल तर पहिल्या दिवशी दोन-चार जीबी उतरवण्यातच संध्याकाळ जाते. पैसे तर मिळत नाहीतच. बेंगळुरूच्या झेरोधा कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्यातून जगभरच्या प्रकल्पांना मदत मिळते. पण लहान कृती सांभाळणाऱ्यापर्यंत असा निधी क्वचितच पोचतो.

लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी मात्र हिशेब वेगळा आहे. साठ मशीन्सची व्यवस्था एका फाइलमध्ये लिहून ठेवली, तर सगळ्या मशीन्सवर तीच आवृत्ती, तेच फॉन्ट, तोच कंपायलर येतो. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टचा निकाल पुन्हा काढून दाखवता येतो. प्रबंधात ‘हे सॉफ्टवेअर वापरले’ असं लिहिण्यापेक्षा ती फाइलच जोडता येते.

सुरुवात करायची तर सर्वांत बरी वेळ वर्षातून दोनदा येते. निक्सओएसची नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबर महिन्यात निघते, आणि तिच्या नावात साल-महिनाच असतो : २४.०५, २४.११ असा. त्याच्या आधीचे काही आठवडे ‘हायड्रावर शून्य मोडतोड’ अशी मोहीम चालते. मोडलेल्या पॅकेजेसची यादी सगळ्यांसमोर टांगलेली असते आणि कुणीही त्यातलं एक उचलून दुरुस्त करू शकतं. बहुतेक दुरुस्त्या दोन-चार ओळींच्या असतात : मेलेला पत्ता, बदललेलं नाव, राहून गेलेलं एखादं साहित्य. यादीत फॉन्ट कुठे दिसला तर तो उतरवावा, बांधून बघावा, आणि पडद्यावर आधी ‘आचाऱ्यास’ आणि मग ‘आचार्यास’ टाइप करून बघावं.